मुरुमांना बुरशीचं औषध चालतं का?

मुरुमांवर बुरशीनाशक मलम लावलं तर फरक पडतो का, या प्रश्नाचं खरं उत्तर 'काहींना पडतो' असं आहे. कोणाला पडतो, का पडतो आणि त्या नावाखाली हातात येणारी ट्यूब नेमकी कशाची असते, हे कळणं अचलपूर-परतवाड्यासारख्या जोडगावात फार गरजेचं आहे. इथल्या बऱ्याच घरांसाठी कातडीचा डॉक्टर म्हणजे पन्नासेक किलोमीटरवरची अमरावती, बुडालेली एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं तिकीट. मेडिकल मात्र चौकातच असतं, आणि तिथलं बोलणंही ठरल्यासारखं असतं.

"भाऊ, पोरीच्या तोंडावर लय फोडं आले. खाजवते बी. एखांदी ट्यूब द्या न."

"हे घ्या काकू, फंगलची आहे. दोन टाइम लावा म्हना तिले, चार दिवसांत तोंड साफ होते."

चार दिवसांत तोंड खरोखर साफ होतं. पुढचा सगळा घोळ त्या चार दिवसांच्या गुणातूनच सुरू होतो. पण तिथे पोचण्याआधी मुरूम उठतो कसा ते पाहायला हवं.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात आणि ग्रंथी जास्त तेल सोडू लागते. त्याच सुमारास केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. बूच उघडं राहिलं तर त्याचं टोक काळं दिसतं, वर कातडी असली तर पांढरट दाणा दिसतो. आत साचलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू पोसले जातात, शरीर त्यांच्यावर चालून जातं आणि लाल, ठणकणारा, कधी पू धरलेला मुरूम वर येतो. जास्तीचं तेल, बूच, जिवाणू आणि दाह अशा या चार कड्या आहेत. यात बुरशीचं नाव नाही, म्हणूनच मुरुमांच्या नेहमीच्या औषधांत बुरशीनाशक सहसा दिसत नाही.

तरीही त्याच नळीत एक बुरशी राहत असतेच. तिचं नाव मॅलसेझिया. लुई-शार्ल मालासे (१८४२–१९०९) या फ्रेंच संशोधकावरून ते पडलं. ती तुमच्या-माझ्या, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या कातडीवर असते आणि एरवी कुणाला त्रास देत नाही. तिला लागणारी स्निग्धाम्लं तिला स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून ती तेलाच्या जागा धरून असते. टाळू, कपाळ, छाती आणि पाठीचा वरचा भाग या त्या जागा. डोक्यातल्या कोंड्यात तिचा हात असतो, आणि छाती-पाठीवर उठणारे फिकट किंवा तपकिरी चट्टे, ज्यांना आपण शिबं म्हणतो, तेही तिचंच काम. उकाडा, घाम आणि तेलकटपणा एकत्र आला की ती नळीच्या आत भरमसाट वाढते, नळी सुजते आणि बाहेरून थेट मुरमासारखा दिसणारा दाणा उठतो. हल्ली मुलं मोबाइलवर वाचून याला 'फंगल ॲक्ने' म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत तो मॅलसेझिया फॉलिक्युलायटिस, म्हणजे केसाच्या नळीचा बुरशीनं आलेला दाह. मुरुमांहून हा आजार निराळा आहे.

दोन्हींची गल्लत महागात पडते, कारण एकाचं औषध दुसऱ्याला वाढवतं. मुरुमांसाठी दिलेलं अँटिबायोटिक जिवाणू मारतं आणि बुरशीला तसंच ठेवतं. जिवाणू हटले की बुरशीला मैदान मोकळं मिळतं. १९६९ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक घेतल्यानंतर उठणाऱ्या अशा मुरुमसदृश पुरळाची नोंद केली आणि १९७३ मध्ये हा स्वतंत्र आजार म्हणून मांडला गेला. आजही एखाद्याची कहाणी अशीच असते. मुरूम आले, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मुरूम कमी झाले, मग कपाळ आणि पाठ बारीक दाण्यांनी भरली, म्हणून त्यानं त्याच गोळ्या मनानं पुन्हा आणल्या आणि दाणे दुप्पट झाले.

घरच्या घरी अंदाज बांधायचा तर पहिली खूण खाज. साधा मुरूम ठणकतो, दाबला तर दुखतो, पण सहसा खाजत नाही. बुरशीचे दाणे खाजतात, घाम आला की जास्तच. दुसरी खूण सारखेपणा. बुरशीचे दाणे एक-दोन मिलिमीटरचे, सगळे एकाच मापाचे असतात. खऱ्या मुरुमांत मात्र सगळं मिसळलेलं असतं, कुठे काळं टोक, कुठे पांढरा दाणा, कुठे लाल फोड, एखादी खोल गाठ. काळी टोकं अजिबात नसतील तर बुरशीची शंका घ्यायला जागा आहे. तिसरी खूण जागेची. केसांची कड, कपाळ, खांदे, छाती, पाठ असा दाण्यांचा पट्टा दिसतो, आणि अंगावर कुठे तरी शिबंही सापडतात. एवढं मात्र ध्यानात ठेवावं की एकाच चेहऱ्यावर दोन्ही असू शकतात. गालावर खरे मुरूम आणि कपाळावर बुरशी, असे रुग्ण डॉक्टरांना नेहमी भेटतात.

आपल्या भागाची हवा या बुरशीच्या सोयीची आहे. अचलपूर गाविलगडच्या डोंगरांच्या पायथ्याशी. उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, पाऊस सुरू झाला की तीच गरमी दमट होते, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात अंग पुन्हा चिकचिकतं. उन्हापासून वाचायला मुली गाडीवर डोक्याला-तोंडाला स्कार्फ घट्ट गुंडाळतात. ते योग्यच आहे, पण घामानं भिजलेला स्कार्फ डिक्कीत कोंबून दुसऱ्या दिवशी तसाच बांधला तर कपाळावर दिवसभर ओल आणि घर्षण दोन्ही राहतं. मुलांमध्ये तेच पाठीवर होतं. वऱ्हाडाला व्यायामाचं वेड जुनं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे. आता तालमीच्या जोडीला गल्लोगल्ली जिम आल्या आणि घाम न शोषणारे अंगाला चिकटलेले टी-शर्टही आले. घामेजलेल्या कपड्यांतच तास-दोन तास गप्पा मारत बसणाऱ्या पोराची पाठ दाण्यांनी भरली तर आधी कपडे बदलायला आणि अंघोळीला घाई करावी, मलमाचं नंतर बघावं.

डोक्याच्या तेलाचाही यात भाग आहे. आपल्याकडे खोबरेल चोपडून चापून वेणी घालायची पद्धत आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल या बुरशीच्या आहारात बसतं, शिवाय कपाळावर उतरलेलं तेल नळ्यांची तोंडं बुजवतं. तेल सोडा असं मी म्हणणार नाही. रात्री लावून सकाळी धुवावं, आणि कपाळावरचं लगेच पुसून घ्यावं. मुरूम असलेल्या चेहऱ्याला मात्र कोणतंच तेल चोळू नये.

शंका पक्की करायची तर त्वचारोगतज्ज्ञांकडे एक साधी, स्वस्त तपासणी असते. एखादा दाणा हलकेच खरवडून किंवा फोडून आतला माल काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, वर पातळ काच ठेवतात आणि थोडं थांबतात. या क्षारानं कातडीच्या पेशी विरघळून जातात, बुरशीची भिंत चिवट असल्यामुळे ती तेवढी मागे उरते. सूक्ष्मदर्शकाखाली शिब्यांची काचपट्टी पाहिली तर शेवयांच्या खिरीत साबुदाणा पडावा तसे आखूड धागे आणि गोल दाणे दिसतात. मुरूमसदृश पुरळात बहुधा नुसते गोल दाणे, त्यांतल्या काहींना फुटवा आलेला. मात्र थोडी बुरशी सगळ्यांच्याच नळीत असल्यानं एक-दोन दाणे दिसले म्हणून निदान होत नाही. त्यांची गर्दी असावी लागते, आणि त्या गर्दीचा चेहऱ्यावरच्या पुरळाशी मेळ बसावा लागतो.

निदान बुरशीचं निघालं तर उपचार सरळ आहे. २ टक्के केटोकोनाझोलचा शाम्पू दाण्यांच्या जागी लावून पाच-दहा मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा, किंवा क्लोट्रिमाझोल, केटोकोनाझोल अशी साधी क्रीम काही आठवडे लावायची. पुरळ पसरलेलं असेल तर डॉक्टर काही दिवस इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोल पोटात देतात. केटोकोनाझोलची गोळी मात्र या कामाला घेऊ नये. यकृताला होणाऱ्या इजेमुळे २०१३ मध्ये अमेरिकेनं तिच्या वापरावर कडक बंधनं आणली आणि युरोपच्या औषध यंत्रणेनं ती बाजारातून थांबवण्याची शिफारस केली. कातडीवर लावलेल्या क्रीममधून रक्तात फारसं काही जात नाही, त्यामुळे क्रीमला हा धोका लागू होत नाही. बुरशी आपल्या अंगावरची कायमची रहिवासी असल्यानं ती पुन्हा डोकं वर काढते. म्हणून घामाच्या मोसमात आठवड्यातून एखादवेळी शाम्पू चालू ठेवायला डॉक्टर सांगतात.

मग ज्याला खरे, सौम्य ते मध्यम मुरूम आहेत त्याला या क्रीमचा काही उपयोग? इथे विषय खरोखर रंजक होतो. केटोकोनाझोल बुरशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही, हे त्याचं मुख्य काम. पण ते एवढ्यावर थांबत नाही. ते दाह थोडा उतरवतं. तेल फोडणारं लायपेझ हे विकर जिवाणू आणि बुरशी दोघांकडेही असतं, त्यावरही त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. आणि पोटात घेतल्यावर ते टेस्टोस्टेरॉन कमी करतं हे १९८० च्या दशकापासून ठाऊक आहे. मुरुमांच्या साखळीतल्या दोन-तीन कड्यांना हे औषध स्पर्श करतं म्हटल्यावर कोणाला तरी ते मुरुमांवर लावून पाहावंसं वाटणारच. थायलंडमधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत सौम्य मुरूम असलेल्या प्रौढ बायकांना २ टक्के केटोकोनाझोल क्रीम किंवा औषध नसलेली तशीच क्रीम दिली. कोणाच्या हातात काय आहे हे देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि लावणाऱ्यालाही. दहा आठवड्यांनी केटोकोनाझोलच्या गटात सुधारणा झालेल्या बायकांचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं.

मला हा निकाल महत्त्वाचा वाटतो, पण त्याचं वजन बेतानं धरावं लागेल. जेमतेम चाळीस बायका, सगळ्या प्रौढ, मुरूम सौम्य, आणि तुलना नुसत्या क्रीमशी. बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा ॲडापॅलीन या मुरलेल्या औषधांसमोर केटोकोनाझोल उभं केलं तर काय होईल, हे अशा चाचणीतून निघत नाही. त्या दोघांमागे कितीतरी मोठ्या चाचण्यांचा आधार आहे. म्हणून पहिली पसंती त्यांनाच. ज्या बाईची कातडी त्या दोन्हींनी सोलवटते, जिचे मुरूम हलके आहेत आणि ज्यात बुरशीचाही संशय आहे, तिच्यासाठी डॉक्टर साधी केटोकोनाझोल क्रीम निवडतील तर त्याला आज काही आधार आहे. मुरुमांच्या उपचारात या क्रीमचा वाटा एवढाच.

बुरशीनाशकांशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो पेनिसिलिनसाठी. पण तिथल्या प्रयोगशाळेत एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या जिवाणूंचा शोध घेता घेता एक नवं बुरशीनाशक मिळवलं, हॅमायसिन. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याला नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव असं विज्ञानाच्या दप्तरात कायमचं नोंदलं गेलं. हॅमायसिन बुरशीच्या आवरणातल्या एर्गोस्टेरॉलला चिकटून आवरणाला भोकं पाडतं. आजची 'कोनाझोल' औषधं तेच एर्गोस्टेरॉल मुळात बनू देत नाहीत. वाटा दोन, पण घाव एकाच जागी. माणसाच्या पेशीत एर्गोस्टेरॉल नसतंच, म्हणून ही औषधं कातडीवर लावली तर आपल्याला जपून बुरशीला मारतात.

आता त्या 'फंगलच्या ट्यूब'कडे येऊ. साधं बुरशीनाशक चार दिवसांत तोंड साफ करत नाही, त्याला दोन-तीन आठवडे तरी लागतात. चार दिवसांत लाली आणि खाज पळवणारं औषध एकच, स्टिरॉइड. बाजारातल्या कितीतरी मलमांत बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि जोरदार स्टिरॉइड एकत्र कालवलेलं असतं. स्टिरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली जाते, आणि कातडीची प्रतिकारशक्ती दाबतं, म्हणून फोड बसतात. मलम थांबवलं की सगळं दुपटीनं परत येतं, म्हणून माणूस पुन्हा लावतो. काही महिन्यांत गालांची कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते, मुलींच्या गालांवर लव वाढते, आणि स्टिरॉइडचेच म्हणून ओळखले जाणारे एकसारखे मुरूम उठतात. दबलेल्या प्रतिकारशक्तीच्या आडोशानं बुरशीही फोफावते. म्हणजे ज्या दोन त्रासांसाठी ट्यूब आणली ते दोन्ही ती ट्यूबच वाढवते.

हा अंदाजपंचे आरोप नाही. २०११ मध्ये भारतातल्या बारा केंद्रांवरच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यांतले ४३३ जण, म्हणजे जवळपास १५ टक्के, चेहऱ्याला स्टिरॉइड लावत होते. त्यांतल्या २९ टक्क्यांनी ते गोरं होण्यासाठी किंवा दाढीनंतर लावलं होतं आणि २४ टक्क्यांनी मुरुमांवर. दहातल्या जवळजवळ सहा जणांना ते डॉक्टर नसलेल्या कोणी तरी सुचवलं होतं, आणि जोरदार स्टिरॉइडचा वापर गावाकडच्या आणि शहराच्या कडेच्या लोकांत जास्त होता. नव्वद टक्क्यांना दुष्परिणाम झाले. त्यांत पहिला नंबर होता मुरूम येण्याचा किंवा असलेले वाढण्याचा. आयएडीव्हीएल या त्वचारोगतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेनं त्यानंतर यासाठी खास कृतिदल उभं केलं, पाठपुरावा केला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बेकायदा ठरली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ३२८ ठरावीक मिश्रणांवर बंदी आली, त्यांत अशी खिचडी मलमंही होती. कायदा झाला, पण काउंटरवरची सवय कायद्याइतकी चटकन बदलत नाही.

या सवयीची किंमत गजकर्णातही दिसते. गेल्या दहा-बारा वर्षांत देशभर गजकर्ण हटेनासं झालं आहे. त्यामागची एक बुरशी भारत आणि नेपाळमधून गेलेल्या रुग्णांमध्ये जपानी संशोधकांना सापडली आणि २०२० मध्ये तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव मिळालं. टर्बिनाफिन या हुकमी औषधाला ती अनेकदा जुमानत नाही. ती इतकी फोफावण्यात स्टिरॉइडच्या मिश्र मलमांचा मोठा वाटा आहे, असं बरेच तज्ज्ञ मानतात. मुरुमांवर म्हणून घरात आलेली ट्यूब मग बापाच्या जांघेतल्या खाजेला आणि लहान्याच्या नायट्यालाही लावली जाते. एकच ट्यूब घरभर फिरते आणि बुरशीही तिच्यासोबत.

ट्यूब हातात घेतली की मागचं बारीक अक्षर वाचायचं, मोबाइलनं फोटो काढून मोठं करून वाचायचं. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन, डेक्सामेथासोन, क्लोबेटासॉल यांपैकी एक जरी नाव दिसलं तर ती मुरुमांची ट्यूब नव्हे. 'सोन' आणि 'लोन' या शेपट्या लक्षात राहतात, क्लोबेटासॉल तेवढं वेगळं लक्षात ठेवावं, कारण ते यांत सगळ्यात जोरदार. निव्वळ बुरशीनाशकाच्या यादीत एकच औषध असतं, जसं क्लोट्रिमाझोल किंवा कुठलं तरी 'कोनाझोल'. ऑर्निडाझोल, मेट्रोनिडाझोल ही नावं कानाला तशीच लागतात, पण ती बुरशीची औषधं नाहीत.

सौम्य मुरुमांना आपल्या हवेत सोसेल असा रस्ता सांगायचा तर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडपासून सुरुवात करावी. जास्त टक्क्यांनी गुण तेवढाच येतो आणि आग मात्र वाढते. त्यानं उशीचा अभ्रा आणि ओढणीचा रंग उडतो हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. ॲडापॅलीन रात्री, वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड लावावं. गरोदर बायकांनी किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल त्यांनी ते टाळावं. सहा ते आठ आठवड्यांआधी निकाल मागू नये. संत्र्याचा पट्टा म्हणून आपल्याकडे वाळवलेल्या सालीची पूड चेहऱ्याला लावतात, पण मुरूम असलेल्या नाजूक कातडीला तिची रवाळ घासणी आणि सालीतलं तेल दोन्ही चुरचुरतं. लिंबू तर मुळीच नको, त्यावर ऊन पडलं की काळे डाग राहतात. खोल, दुखऱ्या गाठी असतील किंवा खड्डे पडू लागले असतील तर घरचा कोणताही प्रयोग न करता तज्ज्ञ गाठावा. अमरावती लगेच जमत नसेल तर अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवावं, ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरूनही सरकारी डॉक्टरांचा सल्ला फुकट मिळतो.

आणि ज्यांनी मिश्र मलम महिनोन्महिने चेहऱ्याला लावलं आहे, त्यांनी ते एका झटक्यात मनानं सोडू नये. दोन-तीन दिवसांत चेहरा लालबुंद होतो, आग होते, फोड उसळतात, आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो. डॉक्टर जोरदार स्टिरॉइडवरून हलक्यावर आणून, अंतर वाढवत, बिनवासाच्या साध्या मॉइश्चरायझरच्या आधारानं ते सोडवतात, गरज पडली तर जोडीला टॅक्रोलिमस किंवा डॉक्सिसायक्लिन देतात. कातडी ताळ्यावर यायला काही आठवडे, कुणाला काही महिने लागतात, पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यांत कठीण जातात. दवाखान्यात जाताना ती जुनी ट्यूब सोबत न्यावी, रिकामी असली तरी. तिच्यावरच्या नावावरून आणि टक्क्यांवरून किती हळू सोडवायचं ते डॉक्टरांना ठरवता येतं.